तथागतांची पाठ आणि आपली खुर्ची



धम्मवर्गात आपण कायानुपस्सना शिकतो. डोळे मिटतो, श्वासावर लक्ष ठेवतो, अर्ध्या तासाने चहा घेतो आणि घरी जातो. सोमवारी सकाळी तीच काया संगणकासमोर जाऊन बसते आणि संध्याकाळपर्यंत तिची आठवण कुणालाच राहत नाही. आपल्या संघातील निम्म्याहून अधिक उपासक-उपासिका आयटी, लेखा किंवा कार्यालयीन कामात आहेत. रविवारचा अर्धा तास आणि आठवड्याचे चाळीस तास यांची बेरीज-वजाबाकी करून पाहिली, तर कायेची खरी परीक्षा खुर्चीवरच होते. म्हणून या अंकाचा पाठ तिथलाच घेतला आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. मी डॉक्टर नाही, अभियंता आहे. पुढे जे लिहिले आहे ते स्वतःच्या चुकीतून, फिजिओथेरपिस्टने शिकवलेल्यातून आणि ब्रिटनमधील आरोग्य व सुरक्षा विभागाच्या मार्गदर्शनातून घेतले आहे.

१. संथागारातला प्रसंग

मज्झिम निकायात सेख सुत्त आहे. कपिलवस्तूच्या शाक्यांनी नवे संथागार, म्हणजे सभागृह बांधले आणि त्याच्या पहिल्या वापरासाठी तथागतांना बोलावले. रात्री उशिरापर्यंत बुद्धांनी तिथे धम्मदेसना दिली. मग ते आनंदाला म्हणाले की पुढचे तू सांग, माझी पाठ दुखते आहे, मी ती जरा टेकतो. त्यांनी संघाटीची चौपदरी घडी घातली आणि उजव्या कुशीवर, सजग राहून विश्रांती घेतली. दीघ निकायातील संगीति सुत्तातही असाच प्रसंग आहे. तिथे पावा नगरीतील मल्लांचे सभागृह आहे आणि पुढची देसना सारिपुत्त देतात.

सुत्त वाचताना आपण हा भाग पटकन ओलांडतो, कारण पुढे येणारी देसना महत्त्वाची वाटते. पण थांबून पाहा. बुद्ध स्वतःला देव किंवा अवतार म्हणवत नव्हते. ते माणूस होते, त्यांची पाठ दुखत होती आणि भरसभेत ते तसे सांगत होते. त्यांनी तीन गोष्टी केल्या. पहिली, दुखणे ओळखले. दुसरी, ते लपवले नाही. तिसरी, शरीराची स्थिती बदलली आणि काम दुसऱ्याच्या हाती सोपवले, त्यामुळे काम थांबले नाही. मला या तीनपैकी एकही गोष्ट वेळेवर जमली नाही.

२. अठरा तासांचा अभिमान

विदर्भातल्या ज्या वसतिगृहात मी शिकलो, तिथे १४ एप्रिलच्या निमित्ताने सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होत असे. आपल्यापैकी अनेकांनी तो केला असेल. सतरंजीवर रांगेने बसायचे, समोर बाबासाहेबांचा फोटो, आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत पुस्तक. पाय बधिर झाले तरी उठायचे नाही, कारण उठला तो हरला, अशी आमची समजूत होती. घरी आई म्हणायची, मान मोडून अभ्यास कर. त्या उपक्रमाने आम्हाला खूप काही दिले आणि त्याचा अभिमान आजही आहे. पण एक चुकीची गोष्टही अंगात मुरली. जितके जास्त वेळ न हलता बसू, तितकी आपली निष्ठा मोठी, असे आम्ही धरून चाललो.

बाबासाहेबांच्या अभ्यासाचे तास आपल्याला पाठ असतात. पण त्यांच्या शेवटच्या वर्षांतील मधुमेह आणि पायांचे दुखणे यांच्याबद्दल आपण फार कमी बोलतो. प्रकृतीची साथ नसताना त्यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ पूर्ण केला. तो त्यांचा त्याग होता. तो त्याग आपण वंदन करण्यासाठी आहे. त्यातून प्रत्येकाने आपले शरीर मोडून घ्यावे, असा नियम निघत नाही.

अंगुत्तर निकायात सोण कोळिविसाची कथा आहे. तो सुखवस्तू घरातून आलेला भिक्खू. ध्यानासाठी चंक्रमण करता करता त्याच्या तळपायांतून रक्त आले, तरी मन स्थिर होईना. तेव्हा बुद्धांनी त्याला त्याच्या पूर्वीच्या वीणेची आठवण दिली. तारा फार ताणल्या तर सूर लागत नाही, फार सैल सोडल्या तरी लागत नाही. प्रयत्नही तसाच समतोल हवा. वसतिगृहात आम्हाला हे कुणी सांगितले असते, तर आम्ही अठरा तास तेवढेच ठेवले असते, फक्त दर तासाला एकदा उठलो असतो.

३. माझी चूक

मार्च २०२० मध्ये इथे टाळेबंदी लागली आणि मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून काम सुरू केले. खुर्ची घडीची होती, पाहुण्यांसाठी ठेवलेली. चार दिवसांची सोय म्हणून बसलो आणि दीड वर्ष तसाच बसून राहिलो. हळूहळू मान आखडू लागली. मग रात्री उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. झोपेतून उठायचे, हात झटकायचा, पुन्हा झोपायचे. एका सकाळी भरलेला कप हातातून सुटला आणि मुलगी घाबरून माझ्याकडे बघत राहिली.

ऑफिसात मी काहीच सांगितले नाही. व्हिसा कंपनीच्या आधारावर होता. तक्रार करणारा माणूस म्हणून नाव नको होते. आणखी एक कारण होते, ते मान्य करायला मला वेळ लागला. आपल्या आजोबांनी ओझी वाहिली, वडिलांनी गिरणीत उभ्याने पाळ्या केल्या. मी तर गरम खोलीत खुर्चीवर बसून काम करतो, मग दुखते असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? आपल्यातल्या अनेकांच्या मनात हा विचार असतो, हे मला नंतर बोलताना कळले.

शेवटी मला पकडले ते आपल्याच संघातील एका ज्येष्ठ ताईंनी. त्या नर्स म्हणून निवृत्त झाल्या आहेत. आनापानसतीच्या वर्गात मी सारखा हात झटकत होतो. वर्ग संपल्यावर त्या जवळ आल्या आणि विचारले, “काय रे, कोणत्या बोटांना मुंग्या येतात?” अंगठा, तर्जनी, मधले बोट, असे मी सांगितले. त्या म्हणाल्या, “श्वास बघतोस आणि हात बघत नाहीस होय? उद्याच्या उद्या जीपीला फोन कर.” मनगटातल्या नसेवर दाब आला होता. रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी, फिजिओथेरपी आणि बसण्याची पद्धत बदलणे, एवढ्यावर काम भागले. आणखी वर्षभर थांबलो असतो, तर भागले नसते.

४. बैठक कशी लावावी

बैठक लावताना क्रम महत्त्वाचा आहे. खुर्चीपासून सुरुवात करून पडद्यापर्यंत जायचे. आपण बहुधा उलटे करतो. पडदा जिथे असेल तिथे शरीर वाकवतो.

कोपर आणि खुर्चीची उंची. खांदे सैल सोडा आणि कोपर अंगाजवळ ठेवा. हात कीबोर्डवर ठेवले की कोपरात साधारण काटकोन, किंवा त्याहून किंचित मोठा कोन झाला पाहिजे. तसे होईपर्यंत खुर्ची वर-खाली करा. इथली टेबले साधारण ७२-७३ सेंटीमीटर उंच असतात. पाच फूट उंचीच्या आपल्या ताईंना ती उंच पडतात. मग नकळत खांदे वर उचलले जातात आणि संध्याकाळी मान दुखते.

पाय. टेबलासाठी खुर्ची वर घेतली की पाय लोंबकळतात. लोंबकळणाऱ्या पायांनी मांडीच्या मागच्या बाजूवर दाब येतो. पायाखाली आधार घ्या. विकतचाच हवा असे नाही. गावाहून आणलेला पाट चालतो, कागदाची दोन बंद पाकिटे चालतात. तळवे पूर्ण टेकले पाहिजेत. गुडघ्याच्या मागे आणि खुर्चीच्या कडेमध्ये दोन-तीन बोटे जागा राहिली पाहिजे.

पाठ. सरळ बसणे म्हणजे कवायतीत उभे राहिल्यासारखे ताठ बसणे नव्हे. कंबरेच्या खोलगट भागाला आधार हवा. खुर्चीला तो नसेल, तर टॉवेलची गुंडाळी करून तिथे ठेवा. खुर्चीची पाठ किंचित मागे कललेली चांगली, कारण मग धडाचे काही वजन ती घेते. पोक काढून, आधाराविना पुढे वाकून बसलो की मणक्यांमधल्या चकत्यांवरचा दाब वाढतो.

मान. हा भाग अभियंत्याच्या नजरेने पाहू. माणसाचे डोके साधारण साडेचार ते साडेपाच किलोचे असते. ते खांद्यांवर सरळ असेल, तर तेवढेच वजन मानेवर येते. पुढे झुकले की तरफेचा नियम लागू होतो. शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये गणिती प्रतिमानातून असे मांडले की मान १५ अंश झुकली तर मानेवरचा भार सुमारे १२ किलो होतो, ३० अंशांना सुमारे १८ किलो आणि ६० अंशांना सुमारे २७ किलो. हे प्रतिमान आहे, प्रत्येकाच्या मानेचे मोजमाप नाही. पण दिशा स्पष्ट आहे. फोनवर झुकून तासभर चॅट वाचणाऱ्याने हे आकडे एकदा आठवावेत.

पडदा. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली असावी. अंतर साधारण हात लांब केल्यावर बोटे पोहोचतील एवढे. अक्षरे लहान वाटली तर ती मोठी करा, मान पुढे नेऊ नका. चाळिशीनंतर आपल्यापैकी अनेकांना दूर-जवळचा मिळून एक चष्मा लागतो. त्याच्या खालच्या भागातून वाचण्यासाठी आपण हनुवटी वर करतो आणि मान मागे मोडते. अशांनी पडदा आणखी खाली घ्यावा, किंवा संगणकाच्या अंतरासाठी वेगळा चष्मा लागेल का ते विचारावे. खिडकी पडद्याच्या समोर किंवा मागे नको, बाजूला हवी. म्हणजे चकाकी कमी होते.

मनगट आणि माऊस. कीबोर्डचे मागचे छोटे पाय बहुतेक जण उघडतात. ते मिटवून ठेवा. उघडले की मनगट वरच्या बाजूला वाकते आणि तिथल्या अरुंद बोगद्यातून जाणाऱ्या नसेवर दाब येतो. माझे तेच झाले. माऊस कीबोर्डला लागून ठेवा. हात लांब करून माऊस धरला, तर दिवसभर खांदा तो भार उचलतो. अंकांचा भाग नसलेला छोटा कीबोर्ड घेतला, तर माऊस आपोआप जवळ येतो. टेबलाच्या टणक कडेवर कोपर टेकून बसायची सवय असेल, तर करंगळीला मुंग्या येऊ शकतात, कारण तिकडची नस कोपरातून जाते.

लॅपटॉप. याची रचनाच अशी आहे की पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले. हात बरोबर ठेवले तर मान वाकते, मान बरोबर ठेवली तर हात वर जातात. उपाय एकच. लॅपटॉप जाड पुस्तकांवर उंच ठेवा आणि वेगळा कीबोर्ड व माऊस जोडा. सगळ्यांत कमी खर्चाचा आणि सगळ्यांत मोठा फरक पाडणारा बदल हाच आहे. पुस्तके मात्र जुनी टेलिफोन डिरेक्टरी वगैरे घ्या. ग्रंथांचा उपयोग वाचण्यासाठी राहू द्या.

५. चार इरियापथ

आता मुख्य मुद्दा. वरची सगळी मांडणी अचूक केली आणि त्याच स्थितीत तीन तास बसलात, तरी शरीर तक्रार करणारच. स्नायूंना रक्त हवे आणि रक्ताला हालचाल हवी. कितीही चांगली बैठक असली, तरी ती बदलावी लागते.

सतिपट्ठान सुत्तात चार इरियापथ सांगितले आहेत. चालणे, उभे राहणे, बसणे आणि आडवे होणे. यांपैकी प्रत्येक स्थितीत मी आत्ता काय करतो आहे याची जाणीव ठेवायची. पुढे सम्पजञ्ञाच्या भागात हातपाय वाकवताना आणि पसरवताना सजग राहण्याचाही उल्लेख आहे. बुद्धांनी बसणे ही एकच श्रेष्ठ स्थिती ठरवली नाही. आपण मात्र चारपैकी दोनच वापरतो, बसणे आणि आडवे होणे.

चंक्रमणाचे पाच लाभ अंगुत्तर निकायात सांगितले आहेत. प्रवासाची ताकद येते, उद्योगाची ताकद येते, आजार कमी होतात, अन्न नीट पचते आणि चालताना मिळवलेली समाधी दीर्घकाळ टिकते. बोधगयेला महाबोधी विहाराजवळचा चंक्रमणाचा मार्ग तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल.

आरोग्य व सुरक्षा विभागाचा सल्ला याच्याशी जुळतो. दोन तासांनी वीस मिनिटांची विश्रांती घेण्यापेक्षा दर तासाला पाच ते दहा मिनिटे उठणे चांगले. विश्रांती म्हणजे काम बंद करणेच असे नाही. फोनवरचे बोलणे उभ्याने करा. पाण्याची मोठी बाटली जवळ ठेवण्याऐवजी पेला ठेवा, म्हणजे उठावे लागेल. डोळ्यांसाठी एक सोपी रीत आहे. दर वीस मिनिटांनी वीस फूट दूरच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहायचे. पडद्याकडे टक लावली की पापण्या कमी वेळा मिटतात आणि डोळे कोरडे होतात, म्हणून त्या वीस सेकंदांत मुद्दाम पापण्या मिटा.

मी घड्याळाचा गजर लावतो. गजर वाजला की लगेच उठत नाही. आधी एक श्वास पाहतो आणि शरीराला तीन प्रश्न विचारतो. खांदे कुठे आहेत? दात आवळले आहेत का? मनगट वाकले आहे का? मग उठतो. याला अर्धा मिनिट लागतो. दिवसातून आठ वेळा केले, की ती आठ वेळची कायानुपस्सना होते.

६. मागणे म्हणजे तक्रार नव्हे

ब्रिटनमध्ये पडद्यावर काम करणाऱ्यांसाठी १९९२ चे नियम आहेत. जो कर्मचारी रोज सलग तासभर किंवा अधिक वेळ संगणकावर काम करतो, त्याच्या बैठकीची तपासणी करणे मालकाचे कर्तव्य आहे. घरून काम करणाऱ्यालाही ते लागू होते. कामाच्या मध्ये विश्रांती किंवा कामात बदल, प्रशिक्षण, मागितल्यास डोळ्यांची तपासणी, आणि केवळ पडद्याच्या कामासाठी वेगळा चष्मा लागत असेल तर त्याचा खर्च, हेही त्यात येते. दर वर्षी ऑफिसकडून येणारी प्रश्नावली आपण घाईने ‘सर्व ठीक’ अशी भरून टाकतो. ती खरी भरा. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्यांना हे नियम लागू नाहीत, त्यांनी स्वतःची तपासणी स्वतः करावी.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी १९४६ ची दुरुस्ती त्यांच्या खात्याने आणली. स्वतः रात्र-रात्र बसणाऱ्या माणसाने कामगाराच्या शरीराला मर्यादा असतात हे कायद्यात लिहून घेतले. मी जेव्हा हे लक्षात घेतले, तेव्हा मॅनेजरला पत्र लिहिले. दोन आठवड्यांत खुर्ची आणि कीबोर्ड घरी आले. ज्या गोष्टीला मी दीड वर्ष घाबरलो, ती चार ओळींच्या पत्रात झाली.

७. केव्हा थांबू नये

मुंग्या किंवा बधिरपणा काही आठवडे टिकला, हाताची पकड कमी झाली, रात्री दुखण्याने जाग येऊ लागली, तर जीपीकडे जा. पाठदुखीबरोबर दोन्ही पायांत अशक्तपणा आला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर त्याच क्षणी तातडीच्या विभागात जा. तिथे ध्यान, मलम किंवा गावाकडचे तेल यांची वाट पाहू नका.

या आठवड्याचा अभ्यास

१) घरातल्या कुणाला तरी तुम्ही काम करत असताना बाजूने एक फोटो काढायला सांगा. न सांगता काढला तर उत्तम. त्यात कान खांद्याच्या किती पुढे आहे ते पाहा.

२) एक दिवस दर तासाला गजर लावा आणि वरचे तीन प्रश्न विचारा. संध्याकाळी काय दिसले ते दोन ओळींत लिहा.

३) मुले गृहपाठ कुठे आणि कशी करतात ते पाहा. पलंगावर पालथे पडून टॅबलेटवर अभ्यास करणाऱ्या मुलाला रागावण्याआधी त्याला त्याच्या उंचीची जागा करून द्या.

४) विहारात आपण खाली बसतो. ज्यांना गुडघ्याचा किंवा पाठीचा त्रास आहे, त्यांनी संकोच न करता खुर्ची घ्यावी. शेजारच्याने ती आणून द्यावी. बुद्धांनी भरसभेत पाठ टेकली, तर आपल्या वंदनेत खुर्ची घेण्याने काही उणे होत नाही.

पुढच्या धम्मवर्गात या चार मुद्द्यांवर बोलू. ज्यांना त्रास आहे पण सांगावासा वाटत नाही, त्यांनी निदान एकाला तरी सांगावे. मला त्या ताईंनी विचारले नसते, तर हा लेख टाइप करायला माझा उजवा हात कदाचित तयार झाला नसता.

सर्वांची काया निरोगी राहो, सर्वांचे मंगल होवो.

जय भीम. नमो बुद्धाय.